रिकाम्या पेटीची चाळीस मिनिटे

मी एक जुनी काचेची पेटी आहे. मित्रांनो, पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कदाचित दागिन्यांची पेटी येईल, नाहीतर मासे पोहतात ती. मी तशी नाही. माझ्यातले सगळे काढून घ्यायचे, अगदी हवासुद्धा, यासाठीच मला बनवले. लांबीला मी मोठ्या माणसाच्या पंजाएवढी, रुंदीला चार बोटे. पाच बाजूंना सपाट काच आणि सहाव्या बाजूला नळी. सध्या मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात दुसऱ्या फळीवर असते. माझ्या एका कोपऱ्यातून केसाएवढी भेग गेली आहे. दुखत नाही.

माझा जन्म याच इमारतीच्या तळमजल्यावर झाला. तिथे काचकाम करणारे एक गृहस्थ बसत. सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत. गडद चष्मा लावून ते ज्योतीसमोर बसले की कुणाशी बोलत नसत. माझ्या पाचही काचा त्यांनी कडेने वितळवून एकमेकींना जोडल्या. मग मला भट्टीत ठेवून दोन दिवस हळूहळू गार केले. बाई रोज येऊन विचारत, "झाली का?"

"घाईनं गार केली तर आतून तडकेल," फुंकरकाका म्हणत. "मग तुम्हीच याल माझ्याशी भांडायला."

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. केस घट्ट बांधलेले, चालणे भरभर, आणि खिशात कायम चष्मा पुसायचा कपडा. त्यांच्या हाताखाली अण्णा होते. पंप सांभाळणे हे अण्णांचे काम. हात एकदम सफाईदार आणि तोंड अखंड चालू. एखादी साधी गोष्ट सांगायला घेतली तरी तिला तीन फांद्या फुटत. त्यांनी मला पंपाला जोडले, माझ्याभोवती गरम पट्टे गुंडाळले आणि तीन आठवडे मला शेकत ठेवले, म्हणजे काचेला चिकटलेला पाण्याचा शेवटचा अंशही निघून जावा. मग एके सकाळी यंत्रावरचा आकडा वाचून ते म्हणाले, "बाई, एवढं रिकामं तर माझं डोकंसुद्धा नसतं."

बाई खळखळून हसल्या. त्या काळी त्या हसत असत.

आता माझे काम सांगते. रुबिडियम नावाच्या धातूचे अणू माझ्यात सोडत. अणू फार पळतात. या खोलीतल्या हवेतले अणू एका सेकंदात शेकडो मीटर पळतात. त्यांना सगळ्या बाजूंनी लेसरच्या किरणांनी थोपवायचे, इतके की ते मुंगीच्या चालीवर यावेत. यालाच थंड करणे म्हणतात. अशा थंड अणूंचा एक छोटासा ढग माझ्या मधोमध तरंगत राही. ज्या किरणाने ते पकडत, त्याच्या वाटेत एक लहानशी झडप होती. झडप उघडली की अणू जमत. मिटली की माझ्यात काहीच उरत नसे.

बाईंना त्या अणूंना दाटीवाटीने उभे करायचे होते. समोरासमोरून दोन किरण सोडले की ते एकमेकांत मिसळतात आणि उजेडाचे नि अंधाराचे पट्टे तयार होतात. प्रकाशाची जाळीच म्हणा. हे पट्टे इतके बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत शंभराहून जास्त मावतील. ही जाळी क्षणभर लावायची आणि विझवायची. त्या क्षणात प्रत्येक अणूला जवळच्या पट्ट्याकडे एक धक्का मिळतो. पुढे अंधारात ते आपापले सरकत राहतात, पट्ट्यावर गर्दी करतात आणि तसेच पुढे जाऊन पुन्हा पांगतात. इथेच बाईंचे घोडे अडले होते.

बाईंचे यजमान शाळेत क्रीडाशिक्षक होते. सुट्टीच्या दिवशी ते बाईंचा डबा घेऊन येत, बरोबर त्यांची मुलगी असे. ती एका जागी दोन मिनिटे बसत नसे, म्हणून तिला घरी आणि इथेही खारू म्हणत. एकदा डबा खाता खाता बाईंनी यजमानांना हे सगळे समजावले.

"अगं, हे तर माझ्या मैदानासारखं झालं," ते म्हणाले. "मी चुन्याचे पट्टे आखतो. पोरं सगळीकडे पांगलेली असतात. शिट्टी मारली की ज्याला जो पट्टा जवळ, तो तिकडे पळतो."

"आणि पट्ट्यावर थांबतात?"

"कसली थांबतात! तशीच पुढे पळत सुटतात."

"अहो, हेच तर माझं दुखणं आहे."

"मग दुसरी शिट्टी मार ना. पण अगदी सगळे पट्ट्यावर असतील तेव्हा. आधी मारलीस तर गोंधळ, उशिरा मारलीस तर परत पांगापांग."

बाईंनी चमचा डब्यात तसाच ठेवला आणि वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिले. खारू म्हणाली, "बाबा, आता आई जेवणार नाही. दे तिचा लाडू मला."

तेव्हापासून एका धक्क्याऐवजी धक्क्यांची मालिका सुरू झाली. पहिला धक्का, थोडे थांबणे, गर्दी सर्वांत दाट झाली की दुसरा, मग तिसरा. दर वेळी थांबण्याचा काळ वेगळा. तो सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबात शोधायचा होता. गर्दी किती दाट झाली हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक मंद किरण आडवा सोडत. गर्दी दाट असेल तर तो तिच्यावरून परतून येई आणि कॅमेऱ्याच्या चित्रात एक पांढरा ठिपका उमटे. जितकी दाटी, तितका ठिपका ठळक. दर दहा सेकंदांनी एक चित्र. वर्षभर ठिपका फिकटच राहिला.

मग तो मंगळवार आला.

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. बाई एकट्याच होत्या. एक आरसा पुसायचा म्हणून त्यांनी झडप मिटली होती. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. पलीकडे शाळेतले कारकून होते. मला फक्त बाईंचे बोलणे ऐकू आले.

"हो, बोलतेय... कुठे?... मैदानावर?... बरं... कोणत्या दवाखान्यात?... बरं. हो. बरं."

त्यांनी फोन ठेवला. नीट ठेवला. मग खुर्चीवर बसल्या आणि मोजणी सुरू करायचे बटण दाबले.

झडप मिटलेलीच होती. माझ्यात एकही अणू नव्हता. तरी जाळी लागली, विझली, पुन्हा लागली. धक्के ठरल्या वेळी आले, पण ज्यांना द्यायचे ते नव्हतेच. प्रकाश माझ्या एका काचेतून आत शिरे आणि दुसरीतून निघून जाई. दहा सेकंदांनी पडद्यावर पहिले चित्र आले. संपूर्ण काळे. एरवी बाई लगेच म्हणाल्या असत्या, "अरे, झडप!" त्या दिवशी काही म्हणाल्या नाहीत. दुसरे चित्र काळे. तिसरे काळे. बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होत्या. डोळ्यांची पापणी लवत होती. श्वास चालू होता. आणखी काही सांगण्यासारखे नाही.

बारा वाजता अण्णा धावत आले. कचेरीत दुसरा फोन आला होता. दारातच ते थबकले. यंत्र चालू होते, बाई समोर बसल्या होत्या. दारातून पडदा तिरका दिसतो, त्यावर काय आहे ते कळत नाही.

"बाई," अण्णा हळूच म्हणाले, "गाडी आलीय."

"हो."

बाई उठल्या. पर्स उचलली, परत खुर्चीवर ठेवली आणि तिच्याशिवायच गेल्या. अण्णांनी डोळे पुसत यंत्रे बंद केली आणि पर्स घेऊन मागोमाग धावले. बाईंचे यजमान दवाखान्यात पोचण्याआधीच गेले होते.

चौदाव्या दिवशी बाई परत आल्या. राहिलेला आरसा त्यांनी पुसला, झडप उघडली आणि कामाला लागल्या. लोक त्यांच्याशी खालच्या आवाजात बोलू लागले. अण्णा मात्र कॅन्टीनमध्ये मोठ्या आवाजात सांगत, "निरोप आला, तरी बाईंनी मोजणी अर्धी सोडली नाही. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुरती चाळीस मिनिटं!" वाईट हेतू नव्हता त्यांचा. बाईंबद्दल त्यांना अतोनात आदर होता आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हळूहळू ती हकिकत मजले चढत गेली.

खरे काय ते मला माहीत होते. पण पेटीला कोण विचारणार? मला तेव्हा काय वाटले, असे तुम्ही विचाराल. काही वाटले नाही. बाईंनाही काही वाटत असावे असे दिसत नव्हते. त्या आठला येत, सहाला जात. डबा आणत आणि तसाच परत नेत. कुणी विनोद केला तर मान हलवत. प्रयोगशाळा पूर्वीपेक्षा जास्त व्यवस्थित चालत होती.

दीड-दोन वर्षे अशी गेली. मग एका दुपारी पाचव्या धक्क्यानंतर ठिपका एकदम ठळक उमटला. अण्णा खुर्चीवरून उठलेच. "बाई! आला!"

"परत घ्या," बाई म्हणाल्या.

परत घेतला. परत आला. शंभर वेळा घेतला, शंभर वेळा आला. माझ्या पोटात अणू पट्ट्यापट्ट्यांवर असे दाटले होते, जसे पूर्वी कधीच दाटले नव्हते. "झालं," बाई म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

त्यानंतर माझे कौतुक सुरू झाले. पाहुणे येत, माझ्याकडे बोट दाखवत, "हीच का ती?" म्हणत. माझे फोटो छापून आले. एका फोटोत तर बाई कडेला अर्ध्याच आल्या होत्या आणि मी पूर्ण. पुढे वरच्या सभागृहात बाईंचा सत्कार ठरला. मी तिथे नव्हते, पण काय झाले ते मला लगेच कळले, कारण समारंभ संपताच खारू जिना उतरून थेट आमच्या खोलीत आली. मागून बाई आल्या, हातात फुलांचा गुच्छ. खारू आता सतरा वर्षांची होती.

"आई, संचालक काय म्हणाले ते खरं आहे?"

"काय म्हणाले?"

"बाबांबद्दल फोन आल्यावर तू चाळीस मिनिटं मोजणी करत बसलीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही ऐकलंस की."

बाईंनी गुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मी तिसऱ्या रांगेत होते, आई. मी पण वाजवायच्या होत्या का?"

"मला नीट आठवत नाही, खारू."

"आठवत नाही?"

"मोजणी चालू होती, म्हणतात."

"म्हणतात? तू होतीस ना तिथे! मी दवाखान्यात बाकावर एकटी बसले होते. नववीत होते मी. प्रत्येक वेळी दार उघडलं की वाटायचं, तू आलीस. मला वाटलं, गाडी मिळाली नसेल. इतकी वर्षं मी तेच समजत होते."

बाईंनी गुच्छ टेबलावर ठेवला. "काय सांगू तुला?" त्या म्हणाल्या. आवाज सपाट होता. "तसंच झालं असेल."

खारूने काही क्षण वाट पाहिली. आईच्या चेहऱ्यावर काही हलते का, ते ती बघत होती. काही हलले नाही. ती निघून गेली. शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि तिकडेच पाणी तपासणीच्या खात्यात नोकरीला लागली. भिंतीवरच्या फोनवर तिचा निरोप आधी आठवड्याला येई, मग महिन्याला, मग सणासुदीलाही येईना.

माझेही दिवस भरत आले होते. एकदा अण्णा माझ्यावरचा बोल्ट आवळत असताना त्यांच्या हातातला पाना निसटला आणि माझ्या कोपऱ्याला लागला. बारीकसा आवाज झाला. हवा आत शिरली, पंप ओरडू लागला. अण्णा कपाळाला हात लावून खाली बसले. बाई म्हणाल्या, "असू दे, अण्णा. नवी करून घेऊ." फुंकरकाका तोवर निवृत्त झाले होते. नवी पेटी बाहेरून आली, माझ्याहून स्वच्छ, माझ्याहून मोठी. मला कपाटात ठेवले. पहिल्या महिन्यात दोघा-तिघांनी विचारपूस केली. पुढे माझ्यावर धूळ बसली. कपाट उघडणारे हात शेजारची चिकटपट्टी घेत आणि दार लावत. तक्रार नाही, झाले ते सांगते आहे.

मग अण्णांच्या निवृत्तीची वेळ आली. त्याच सुमारास जुना संगणक मोडीत काढायचा ठरला. अण्णांच्या मनात आले, जाता जाता बाईंना एक आठवण द्यावी. त्या मंगळवारचे एक चित्र छापून, चौकट करून द्यावे. त्यांच्या दृष्टीने या प्रयोगशाळेतली ती सर्वांत मोठी गोष्ट होती. एका सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून त्यांनी ती तारीख शोधली आणि पहिले चित्र उघडले.

काळे. त्यांनी चष्मा पुसला. दुसरे उघडले, काळे. मग ते भराभर पुढे जाऊ लागले. दोनशे सदतीस चित्रे होती. एकातही ठिपका नव्हता. प्रत्येक चित्राखाली यंत्राने आपोआप नोंद केली होती: झडप बंद.

चहावर साय आली तरी अण्णा तसेच बसले होते. इतका वेळ गप्प बसलेले मी त्यांना तेव्हाच पाहिले. मग उठून त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला.

"खारू? मी अण्णाकाका बोलतोय. नाही नाही, आई ठीक आहे. बाळ, माझ्याकडून एक मोठी चूक झालीय. नऊ वर्षांपूर्वी. फोनवर सांगून कळायचं नाही. तू ये, म्हणजे दाखवतो."

खारू शनिवारी आली. अण्णांनी तिला खुर्चीवर बसवले, कोणते बटण दाबायचे ते दाखवले आणि झडप म्हणजे काय ते समजावले. "मी दारात उभा होतो गं," ते म्हणाले. "आत आलोच नाही. आणि गावभर सांगत सुटलो." "चहा सांगून येतो," म्हणून गेले, ते परत आले नाहीत.

खारू एकेक चित्र पाहू लागली. पन्नास-साठ झाली असतील, तेव्हा बाई आत आल्या. त्यांना काही माहीत नव्हते. मुलीला पाहून त्या दारातच थांबल्या.

"तू कधी आलीस? काय बघतेस?"

"तुझी मोजणी."

बाई जवळ आल्या. पडद्याकडे एकदाच पाहिले. "झडप बंद आहे," त्या लगेच म्हणाल्या.

"हो."

"सुरुवातीपासून?"

"शेवटपर्यंत."

बाईंनी तारीख वाचली. मग दुसरी खुर्ची ओढून त्या बसल्या. "म्हणजे मी काहीच मोजत नव्हते."

"नाही."

"मग काय करत होते मी?"

खारूने आईकडे पाहिले. "बसली होतीस," ती म्हणाली.

खारूने पुढचे चित्र आणले. मग बाई म्हणाल्या, "मैदानावर पडले, असं सांगितलं त्यांनी. मी बरं म्हणाले. मग एकदम गाडीचं दार आठवतं. मधलं काही नाहीच. लोक म्हणाले मोजणी केली, तर मला वाटलं, केली असेल. मी तशीच असेन."

"मलाही वाटलं, तू तशीच आहेस."

उरलेली चित्रे दोघींनी मिळून पाहिली. एकही सोडले नाही. काळ्या चित्रात बघण्यासारखे काय असते? तरी त्या बघत होत्या. दोघी गळ्यात पडून रडल्या, असे मला तुम्हाला सांगता आले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. शेवटचे चित्र आले तेव्हा खारू म्हणाली, "या वेळी मी बाकावर होते. बाबांचे बूट पिशवीत घालून माझ्या हातात दिले होते."

"मला माहीत नव्हतं."

"मी कुणाला सांगितलंच नाही."

बाई खाली बघत होत्या. "जड होते का गं?" त्यांनी विचारले.

"नाही," खारू म्हणाली. "पण ठेवायचे कुठे ते कळेना."

बाईंनी हात पुढे केला. तळवा वर करून, एखादी वस्तू घ्यायला करतात तसा. खारूने त्यावर आपला हात ठेवला. मग दोघी उठल्या आणि घरी गेल्या. संगणक चालूच राहिला होता, तो मागाहून अण्णांनी बंद केला.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. जुन्या वस्तू पुसून जपून ठेवा, असे मी म्हणू शकले असते. जरूर ठेवा. पण माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात किंवा वर्गात कुणावर मोठा आघात झाला आणि दुसऱ्या दिवशी ते माणूस नेहमीसारखे काम करताना दिसले, तर त्याला शूर म्हणून मोकळे होऊ नका, आणि दगड म्हणून सोडूनही देऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. ते कशाकडे बघते आहे ते तुम्हीही बघा, आणि मग विचारा. उत्तर येईलच असे नाही. आमच्या खोलीत दारापासून त्या खुर्चीपर्यंत चार पावले होती, आणि ती चालायला नऊ वर्षे लागली.